कूलंटमधली हवा आणि न दिसणारी गळती : हातपंपाच्या प्रेशर टेस्टर संचाचा अनुभव

गाडीच्या कूलिंग सिस्टिममध्ये हवा शिरली आहे असे निदान झाले की ती हवा काढली जाते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरले जाते आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. ती हवा आत आली कुठून, हे मात्र बहुतेक वेळा कोणी तपासत नाही. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले. सकाळी गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज येई, सिग्नलला थांबल्यावर हीटरची हवा थंड पडे आणि चढावर टेम्परेचरचा काटा मधूनच वर सरकून परत खाली येई. एका वर्कशॉपने दोनदा एअर काढून दिली, दुसऱ्याने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) बदलला, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन आठवड्यांत तोच आवाज परत आला. गाडीखाली कूलंटचा एक थेंबही दिसत नसल्यामुळे गळती नाहीच, असे दोन्ही ठिकाणी ठामपणे सांगितले गेले. शेवटी मी स्वतःच तपासायचे ठरवले आणि त्यासाठी प्रेशर टेस्टरचा, म्हणजे कूलिंग सिस्टिममध्ये हवेचा दाब भरून गळती शोधण्याचा, संच विकत घेतला.

असे संच अनेक नावांनी मिळतात आणि त्यांतील वस्तू जवळपास सारख्याच असतात. माझ्या पेटीत गेज (दाब दाखवणारा काटा) बसवलेला हातपंप, रेडिएटरच्या आणि कूलंटच्या टाकीच्या वेगवेगळ्या तोंडांना बसणारे रंगीत ॲडॉप्टर, झाकण तपासण्यासाठीचा जोड, थर्मामीटर आणि व्हॅक्यूमने (आतली हवा ओढून काढून) कूलंट भरण्याचे साधन, एवढे सामान होते. पंप भक्कम आहे, आणि दाब सोडण्याची कळ हाताशी व नीट चालणारी आहे. ॲडॉप्टर काढण्यापूर्वी दाब पूर्ण सोडणे अत्यावश्यक असल्यामुळे ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. माहितीपत्रक मात्र अगदीच अपुरे आहे. कोणता ॲडॉप्टर कोणत्या आकाराच्या तोंडासाठी आहे याचा तक्ता त्यात नाही, त्यामुळे योग्य तुकडा सापडेपर्यंत एकेक लावून पाहावा लागला.

तपासणीची पद्धत सोपी असली तरी तिला घाई चालत नाही. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. गरम इंजिनचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट अंगावर उडू शकते, हे एक कारण. शिवाय कोमट इंजिनवर दाब दिला तर कूलंट निवून आकसत जाते, काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसू लागते. झाकणावर जो आकडा छापलेला असतो तेवढाच दाब द्यायचा. माझ्या झाकणावर ०.९ बार, म्हणजे सुमारे १३ पीएसआय, असे लिहिले आहे. त्याहून जास्त दाब दिल्यास जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी किंवा हीटर कोअर (केबिनला ऊब देणारा छोटा रेडिएटर) यांना इजा होऊ शकते.

पहिल्याच प्रयत्नात काटा पाच मिनिटांत अर्ध्यावर आला आणि मला वाटले, दोष सापडला. प्रत्यक्षात हवा संचाच्याच ॲडॉप्टरमधून, त्याच्या कडक रबरी रिंगपाशी निसटत होती. रिंगला थोडे कूलंट लावून ॲडॉप्टर पुन्हा बसवल्यावर ते थांबले. ही या संचाची सर्वांत मोठी त्रुटी आहे, कारण ज्याला हे ठाऊक नाही तो चांगला रेडिएटर बदलून बसेल. म्हणून काटा उतरला की सर्वांत आधी जोडांवर साबणाचे पाणी लावून पाहावे.

दुसऱ्या खेपेस काटा ०.९ वरून ०.७५ बारवर यायला वीस मिनिटे लागली. एवढ्या संथ गळतीचा माग डोळ्यांनी लागत नाही. होज (रबरी नळ्या), वॉटर पंपाखालचे छोटे छिद्र, रेडिएटरच्या ॲल्युमिनियमची आणि प्लास्टिकची जोडणी, पुढच्या सीटखालचा गालिचा, सगळे कोरडे होते. मी पुन्हा दाब भरला आणि गाडी तशीच तासभर राहू दिली. त्यानंतर इंजिनच्या मागच्या बाजूला, हीटरकडे जाणारा होज ज्या प्लास्टिकच्या जोडावर चढतो तिथे, आरशात पाहिल्यावर ओलसर कडा आणि तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसला. गाडी चालू असताना तिथून जे काही झिरपत असे ते गरम धातूवर पडून तिथेच वाळत होते. जमिनीवर थेंब पडत नव्हता तो यामुळे.

आता हवेचा उलगडा झाला, आणि संपूर्ण प्रकरणातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते आणि झाकणाची मोठी झडप उघडून जादा कूलंट बाजूच्या बाटलीत जाते. इंजिन निवते तेव्हा आत निर्वात तयार होतो आणि झाकणाची छोटी झडप उघडून तेच कूलंट बाटलीतून परत ओढले जाते. मात्र वाटेत कुठे बारीक फट असेल, तर कूलंटऐवजी त्या फटीतून हवा ओढली जाते. म्हणूनच माझ्या गाडीची बाटली सकाळी नेहमी वरच्या रेषेपर्यंत भरलेली असे आणि रेडिएटरचे तोंड उघडले तर पातळी खाली गेलेली दिसे. ज्यांच्या गाडीला रेडिएटरचे झाकण आणि वेगळी बाटली आहे त्यांनी थंड इंजिनवर या दोन्ही ठिकाणी पाहावे. फक्त बाटली पाहून समाधान मानू नये. झाकणाची छोटी झडप अडकली तरीही हेच लक्षण दिसते, म्हणून मी झाकणही संचातल्या जोडावर तपासले आणि त्याने दाब व्यवस्थित धरला; छोटी झडप बोटाने हलवून मोकळी असल्याची खात्री केली. झाकणाकडे दुर्लक्ष होते, पण इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण साध्या दाबाला साधारण १०७ अंश सेल्सियसला उकळते आणि ०.९ बार जादा दाबाखाली १२५ अंशांच्या आसपास, हा फरक ते झाकणच राखते.

प्लास्टिकचा जोड आणि क्लॅम्प बदलल्यावर काटा तासभर जागचा हलला नाही. मग व्हॅक्यूमने कूलंट भरले. या साधनाला मोठा कॉम्प्रेसर लागतो, टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप पुरत नाही, कारण दाबाबरोबर हवेचा भरपूर प्रवाहही हवा असतो. मी कॉम्प्रेसर मित्राकडून आणला. निर्वात वाढत जाताना होज चपटे होतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला भीती वाटेल, पण ते अपेक्षित आहे. काटा उणे ०.८५ बारवर स्थिर राहिला, कूलंट एका दमात आत गेले आणि ज्या हवेसाठी पूर्वी तास-दीड तास इंजिन चालू ठेवावे लागे ती एकदाही परत आली नाही. तरीही निर्वात टिकला म्हणजे गळती नाही, असे समजू नये. निर्वात होजला आतून जोडावर आवळतो आणि दाब त्याला बाहेर ढकलतो. दाबाखाली उघडणारी फट निर्वातात बंद राहू शकते. दोन्ही तपासण्या कराव्यात, आणि दाबाची आधी.

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील, गेल्याच्या शंकेसाठी हा संच अर्धाच उपयोगी आहे. थंड इंजिनवर टेस्टर लावून, दाब न भरता गाडी सुरू केली आणि काही सेकंदांतच काटा वेगाने चढू लागला, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचा दाट संशय घ्यावा आणि इंजिन लगेच बंद करावे. खात्रीसाठी मात्र निळ्या द्रवाची वेगळी चाचणी करावी लागते, ज्यात कार्बन डायऑक्साइडमुळे पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. ते साधन या पेटीत नाही. इंजिन तापल्यावरच उघडणारी भेगही थंड तपासणीत निसटू शकते.

घरी स्वतः काम करणाऱ्यांना मी हा संच घ्या असे सांगेन, मात्र पहिल्याच दिवशी ॲडॉप्टरच्या रबरी रिंगा चांगल्या प्रतीच्या घेऊन बदलाव्यात. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर नाही त्यांना केवळ हातपंप आणि ॲडॉप्टर असलेला लहान संच पुरेल. हवा काढण्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारे उंच नरसाळे, हीटर पूर्ण गरमवर आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंतचा धीर, एवढ्यावर त्यांचे काम होते. माझ्या बाटलीवर मी दुरुस्तीच्या दिवशी मार्करने रेघ ओढली होती. चार महिने झाले, थंड इंजिनवर कूलंट त्याच रेघेला आहे आणि रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला आहे.