औपचारिक प्रदेश की कार्यात्मक?

प्रकल्पासाठी जगाचे भाग पाडताना यांपैकी काय निवडावं, असं एकाने विचारलं.

आधी सीमा. औपचारिक प्रदेशात एखादा गुण सर्वत्र सारखा असतो, जसा सहारात कोरडेपणा. रेघ मात्र आपणच ओढायची. सहारा संपून साहेल, म्हणजे त्याच्या दक्षिणेचा निमकोरडा पट्टा, कुठे सुरू होतो, हे पावसाचा कोणता आकडा धरला त्यावर ठरतं. कार्यात्मक प्रदेश शहर, बंदर अशा एखाद्या केंद्राभोवती, त्याच्याशी चालणाऱ्या व्यवहारांनी विणलेला असतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराचा पृष्ठप्रदेश, म्हणजे त्या बंदरातून माल ने-आण करणारा आतला भाग, ऱ्हाइन नदीच्या काठाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत पोचतो, देशांच्या सीमांना न जुमानता. मला हाच जास्त रंजक वाटतो.

मेहनत? पहिल्याला बहुधा हवामानाचा नकाशा पुरतो. दुसऱ्याला मालवाहतुकीची आकडेवारी लागते, शिवाय नवा मार्ग उघडला की प्रदेश बदलतो.

हवामान, पिकं, भाषा अभ्यासायच्या तर औपचारिक घ्या. व्यापार किंवा शहरं असतील तर कार्यात्मक.