हातमागाचं म्हणून विकलेलं कापड – शिगम्याची खरेदी करायच्या आधी हे वाचा

शिगमो जवळ आला की गोव्यात ऐतिहासिक कपड्यांची मागणी एकदम वाढते. चित्ररथवाले असतात, शाळांची गॅदरिंगं असतात, आणि आता आमच्यासारखी मंडळं पण आहेत ज्यांना ड्रेपरीवाल्याची (नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याची) मखमल आणि टिकल्या नकोत, त्या काळातले लोक खरंच काय नेसायचे तेच उभं करायचंय. अशा मंडळांना हेरून फसवणारा एक माणूस सध्या फिरतोय आणि त्याची पद्धत इतकी पक्की आहे की साधी सावधगिरी बाळगणारा माणूसही त्यात सापडेल, म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितेय. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे आणि तो दर वेळी वेगळंच नाव सांगतो.

आमचं मंडळ फोंड्याजवळचं. जत्रेत ऐतिहासिक नाटकं करायची आमची जुनी परंपरा, पण राजा कुठलाही असो, अंगात तोच मखमली अंगरखा आणि डोक्यावर तोच जिरेटोप. ह्या वेळी गोव्याच्या कदंब राजांचा दरबार करायचं ठरलं, शिवचित्त पेर्माडिदेव आणि राणी कमलादेवी, म्हणजे १२ वं शतक. तेव्हाच ठरवलं की कपडे त्या काळाला धरूनच हवेत. आमच्यातले एक निवृत्त सर इतिहास शिकवायचे, त्यांनी सगळ्यांना पणजीला नेऊन राज्य संग्रहालयातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, दाखवले. दगडात स्पष्ट दिसतं, आखूड नेसलेलं धोतर, कमरेला आवळून बांधलेला शेला, मागे बांधलेला केसांचा अंबाडा. आपण बसवर रोज कदंबांचा सिंह बघतो पण त्या राज्यातला साधा शिपाई कसा दिसायचा हे आमच्यातल्या कितीतरी जणांनी तिथे पहिल्यांदा बघितलं. पोरं तर तिथेच एकमेकांना धोतर कसं खोचलंय ते दाखवायला लागली. एवढ्या उत्साहाने काम चाललेलं म्हणूनच राग जास्त येतो.

म्हणजे हवं होतं ते कापड साधंच होतं. हातमागाचं सुती, मंजिष्ठेच्या मुळांचा लाल, हळदीचा पिवळा, हिरडा आणि लोखंडाचा काळा, थोडी नीळ. राणीसाठी आणि दरबाऱ्यांसाठी चार जरीकाठी शेले.

हा माणूस ओळखीतून ओळख असा आमच्यापर्यंत आला. फोनवर बोलणं एकदम जाणकाराचं. आधी हिरड्याच्या पाण्यातनं काढायचं, मग तुरटी, मग मंजिष्ठा उकळायची, सगळं क्रमाने सांगितलं आणि ते बरोबरच होतं. मानसोल्लासाचं नाव पण त्याने स्वतःच काढलं, त्यात वस्त्रोपभोग म्हणून प्रकरण आहे, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याचा ग्रंथ, ११३० च्या आसपासचा, आणि गोव्याचे कदंब हे ह्याच चालुक्यांचे मांडलिक. ह्यात एक अक्षर खोटं नाही. खरी माहिती हाच त्याचा सगळ्यात मोठा आधार आहे हे लक्षात ठेवा. बेळगावपलीकडे आपले विणकर आहेत म्हणाला, व्हिडिओ कॉलवर चालू माग दाखवला, मागावर बसलेल्या आजोबांशी बोलणं पण करून दिलं.

मग कुरियरने नमुने आले. तळहाताएवढे तुकडे. आम्ही ते धुतले, जाळले, उन्हात टाकले. पिवळ्याला साबण लावला तर लालसर झाला, म्हणजे खरी हळद. काळ्यावर लिंबू पिळलं तर रंग फिका पडला, म्हणजे हिरडा-लोखंडाचा. नमुने शंभर टक्के खरे होते!

भाव मीटरला ६५०. बोलताना तो म्हणाला की कदंबांच्या काळी चरख्यावर सूत काढायचे तसलंच सूत आहे, तर सरांनी तिथल्या तिथे धरलं की आपल्याकडे चरख्याचा स्पष्ट उल्लेख १४ व्या शतकातला, त्याआधी टकळीच, म्हणजे हाताने फिरवायची चाती. हा जराही गडबडला नाही, लगेच म्हणतो, मग तुम्हाला टकळीचंच देतो सर, मीटरला ५० रुपये जास्त पडतील. आता बघा, इंचाला ४० उभे आणि ४० आडवे धागे धरा, पन्ना (कापडाची रुंदी) ४५ इंच, तर एका मीटर कापडाला साडेतीन किलोमीटरच्या वर सूत लागतं. टकळीवर तासाला दीडशे मीटर निघालं तरी एका मीटर कापडाचं सूत कातायला एक अख्खा दिवस आणि रात्र, आणि आमची ऑर्डर होती १५० मीटरची. कुणी टकळीचं कापड ताग्याने देतो म्हणाला तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा आणि काय उत्तर देतो ते बघा.

६० टक्के अॅडव्हान्स, म्हणजे ६३,००० रुपये. ते पण आजच्या आज, कारण म्हणे मागावर दुसरी ऑर्डर चढली तर शिगम्यापर्यंत होणार नाही. पैसे ज्या खात्यात गेले त्यावरचं नाव त्याचं नव्हतं, विचारलं तर म्हणाला विणकरांच्या सोसायटीच्या खजिनदाराचं खातं आहे. मग रोज एक फोटो. सूत रंगतंय, सूत वाळतंय, ताणा लागला. फोटो खरेच असणार, पण कुणाच्या कापडाचे ते देव जाणे.

खरा फास पुढे आहे. माल आठवडाभर आधी यायचा होता तो पुढे पुढे ढकलत गेला, आणि कार्यक्रम अगदी तोंडावर आल्यावर ट्रान्सपोर्टने आला. बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, त्याच्याकडे. बिल्टीशिवाय ट्रान्सपोर्टवाला माल सोडत नाही आणि उरलेले ४२,००० आणि शेल्यांचे १८,००० मिळाल्याशिवाय हा बिल्टी पाठवत नाही. आमच्या काकांनी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भांडून, विनवण्या करून गठ्ठ्याचा एक कोपरा उसवून बघितला. वरचे तागे नमुन्यासारखेच! तोच हाताला लागणारा जाडेभरडेपणा, तोच मातकट लाल. पैसे दिले, माल घरी आणला.

वरचे दोन तागे खरे होते. खालचे सगळे खोटे.

कळलं ते आमच्या शिंपी मामांमुळे. धोतरं शिवायची नसतात पण कडा दुमडायच्या होत्या म्हणून त्यांच्याकडे दिलेलं. त्यांनी खालचा तागा उलगडला, टेप लावला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. पन्ना ५८ इंच. वरच्या ताग्यांचा ४४. म्हणाले, बाय, हा हातमाग कसला, हा कारखान्यातला पन्ना. कडेला आडवे धागे कापलेले होते, बारीक झालर सुटलेली, म्हणजे ज्या मशीनवर धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा) नसतो तिथलं कापड. मग त्यांनी गरम इस्त्री कोपऱ्यावर ठेवली तर कापड चुरमडून इस्त्रीला चिकटलं आणि प्लास्टिक जळल्याचा वास खोलीभर. धागा काढून काडीला धरला, वितळून टोकाला काळी कडक गोळी झाली. पॉलिस्टर मिसळलेलं. १२ व्या शतकातल्या माणसाच्या अंगावर पॉलिस्टर, तेही फाल्गुनातल्या गोव्याच्या उकाड्यात दिवसभर.

खालच्या लाल ताग्यांची गोष्ट आणखी वेगळी, आणि हीच सगळ्यांनी नीट समजून घ्यायला हवी. ते जाळले तर कागदासारखे जळले, राख मऊ, वास पण कागदाचाच. एवढ्यावर कुणीही म्हणेल सुती आहे. पण ते व्हिस्कोस होतं. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून करतात त्यामुळे जळताना ते सुतासारखंच वागतं, जाळून बघायची परीक्षा तिथे आंधळी. मामांनी एक धागा थुंकीने ओला केला आणि ओढला, पटकन तुटला. नमुन्याचा धागा तसाच ओला करून ओढला तर तुटेचना. सूत ओलं झालं की जास्त बळकट होतं आणि व्हिस्कोस ओलं झालं की कमजोर होतं. ही परीक्षा कुठेही होते, दुकानात, बसस्टँडवर, तिला काडेपेटी पण लागत नाही.

रंगाचं तर विचारूच नका. मावशीने खळ काढायला एक तागा भिजत घातला तर बादली गुलाबी, हात गुलाबी, बाथरूमची लादी गुलाबी. मंजिष्ठा तुरटीवर नीट बसवलेली असेल तर अशी सुटत नाही. पिवळ्याला साबण लावला, काही फरक नाही, पिवळा तो पिवळाच. निळ्याचं मात्र एक सांगते, कारखान्यातली नीळ आणि झाडाची नीळ रसायन म्हणून एकच असते त्यामुळे निळं कापड झाडाच्या निळीचं की कारखान्याच्या हे घरी ओळखता येत नाही, त्या नावाखाली कुणी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका. सूत एकसारखं नाही, मध्ये मध्ये गाठी आहेत म्हणून हातचं असणार असंही धरू नका. गिरणीत मुद्दाम तसलं सूत काढतात, ताग्याकडे लांबून बघितलं तर गाठी बऱ्याचदा ठराविक अंतराने परत परत येतात. शेल्यांची जरतार ज्योतीजवळ नेली तर आक्रसून वितळली, चांदी नाही, तांबं पण नाही, नुसती प्लास्टिकची पट्टी.

त्याला फोन लावला तर आधी म्हणाला गोडाऊनमध्ये तागे बदलले असतील, मग म्हणाला तुम्ही बदलले, मग फोन बंद.

काही लोक म्हणतात की स्टेजवर लांबून कुणाला कळतंय, पॉलिस्टर असलं म्हणून काय झालं. मला हे अजिबात पटत नाही. लांबूनच तर सगळ्यात जास्त कळतं. सुती धोतर खोचलं की चुण्या पडून राहतात, माणूस चालताना ते अंगाबरोबर हलतं, घाम आला की अंगाला बसतं, वीरगळावर दिसतं ना अगदी तसं. पॉलिस्टर फुगतं आणि दिव्याखाली चकाकतं. आणि जी मुलं हे अंगावर घेऊन आपल्या मातीचा राजा उभा करणार, त्यांना निदान अंगावरचं कापड तरी खरं मिळायला नको का? सव्वा लाखाच्या आसपास पैसे गेले, ते वाड्यावाड्यातनं जमवलेल्या वर्गणीचे. त्यात मासळी विकणाऱ्या बायकांचे पैसे होते, पेन्शनवाल्यांचे होते. आम्ही शेवटी बाजारातले साधे सुती पंचे आणि घराघरातली जुनी सुती लुगडी घेऊन प्रयोग केला. प्रयोग चांगला झाला, पण रंग नव्हते.

आता कामाचं. नमुना मागाल तेव्हा तळहाताएवढा घेऊ नका, पूर्ण पन्न्याचा, दोन्ही काठांसकट अर्धा मीटर मागा आणि त्याचे पैसे द्या. बारीक तुकड्यावर पन्नाही कळत नाही आणि काठही दिसत नाही, तो नेमकं तेच लपवतो. त्या नमुन्याचे दोन भाग करून एकावर त्याची सही घ्या, आणि ऑर्डरमध्ये लिहून घ्या की प्रत्येक तागा ह्या नमुन्याशी जुळला तरच बाकी रक्कम. बिल्टी अडवून बाकी मागणाऱ्याकडनं मालच घेऊ नका, डिलिव्हरीच्या आधी एक माणूस तिकडे जाऊन सगळे तागे खालपर्यंत उलगडून बघू दे, बेळगावचा प्रवासखर्च ह्या नुकसानीपुढे काहीच नाही. काठ स्वच्छ असला म्हणून हातमागाचा असं पण नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागाचा काठ पण स्वच्छ येतो. झालर सुटलेली असेल तर मात्र हातमागाचा नाहीच. हँडलूम मार्क (हातमागाच्या कापडावरचं लेबल) ही २००६ पासूनची खरी सरकारी योजना आहे, पण आम्हाला आला तो नुसता सर्टिफिकेटचा फोटो, कापडावर लेबल एकही नव्हतं. फोटोवर विश्वास ठेवू नका. आणि जीएसटी बिल नाही म्हणाला तर पुढे बोलूच नका.

पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, जितका उशीर तितकी खात्यातली रक्कम पुढे सरकते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पोलिसांकडे लेखीच द्या, १ जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. ४२० म्हणून लिहून नेलं तर उगाच अर्ज परत लिहायला लावतात. आमच्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडले ते नमुन्याचे उरलेले तुकडे, कारण खरा नमुना आणि खोटा तागा शेजारी शेजारी ठेवल्यावर कुणाला काही समजवावं लागलं नाही. चॅट, कॉलचे स्क्रीनशॉट, बिल्टी, गठ्ठ्यावरचं पत्त्याचं लेबल, काही काही टाकू नका. गोणपाटाचं वेष्टन सुद्धा ठेवा, आमच्या गठ्ठ्यावर आतल्या बाजूला एका गावाचा शिक्का निघाला आणि माल निघाला कुठनं ते त्यावरनं कळलं.

आता तो मंगळागौरीच्या ग्रुपवाल्यांना नऊवारीचं आणि शाळांना शिवकालीन कापडाचं विचारतोय असं डिचोली आणि पेडण्याकडनं कानावर आलंय. बोलणं तेच, मागाचा व्हिडिओ पण तोच, मागे निळी भिंत आणि तिच्यावर देवीचं कॅलेंडर. कुणाला असे नमुने आले असतील तर पैसे टाकायच्या आधी ते घेऊन फोंड्याला आमच्याकडे या, मामा आणि मी बसून बघून देऊ, आणि आमच्याकडचा खोटा तागा पण तुमच्या हातात देऊ म्हणजे दोन्हीतला फरक तुम्हाला कळेल.