फोंड्यातील मधुमेह वर्ग: पथ्यांच्या यादीपलीकडचे शिक्षण

फोंडा शहरातील एका खासगी दवाखान्यात दर शनिवारी सकाळी चालणारा मधुमेह स्वयंव्यवस्थापन वर्ग मी वडिलांसोबत नुकताच पूर्ण केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले असल्याने अशा सेवेची गरज वेगळी सांगायला नको. प्रश्न दर्जाचा आहे.

काय खावे आणि काय टाळावे, हे येथील बहुतेक रुग्णांना तोंडपाठ असते. अडते ते ‘हे मला जमेल का’ या शंकेपाशी. अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाचा जो सिद्धांत मांडला, त्यात हा विश्वास निर्माण करणारा सर्वांत प्रभावी घटक म्हणून स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवाकडे बोट दाखवले आहे. वर्गाची आखणी नेमकी यावर उभी आहे. उकड्या तांदळाचे शीत म्हणजे भात आणि हुमण म्हणजे माशांची आमटी हे नेहमीचेच जेवण जेवायचे, जेवणापूर्वी व दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासून वहीत लिहायची आणि पुढील आठवड्यात शीत एक डाव कमी घेऊन पुन्हा तपासायची, असा पहिला गृहपाठ होता. सुई बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचावी, म्हणजे कमी दुखते, हे परिचारिकेने प्रत्येकाचा हात धरून करवून घेतले. सुईला बिचकणारे माझे वडील आता कोणाला हाक न मारता तपासणी उरकतात.

प्रत्येक संकल्पानंतर तो पाळण्याची खात्री शून्य ते दहापैकी किती, असे विचारले जाते आणि उत्तर सातच्या खाली आले, तर रुग्णाला न दटावता संकल्पच लहान केला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी विकसित केलेल्या दीर्घकालीन आजारांच्या कार्यक्रमातही हीच रीत आहे. वडिलांच्या ‘रोज तासभर चालेन’ला चार गुण मिळाले, ‘आठवड्यातून चार दिवस, जेवणानंतर पंधरा मिनिटे’ याला नऊ. चढावर धाप लागणे म्हणजे आपल्याच्याने होत नाही असे नव्हे, मात्र छातीत दुखल्यास लगेच थांबावे, हा भेदही नीट समजावला गेला.

दोन बाबी खटकल्या. प्रेरणेसाठी बोलावलेला पाहुणा मॅरेथॉन धावणारा तरुण होता. त्याचे कौतुक सर्वांनी केले, पण सत्तरीच्या आजींना त्यात स्वतःसारखे काही दिसणे कठीण होते. याउलट वर्गातल्याच एका निवृत्त शिक्षिकेने चहातील साखर कशी उतरवत नेली हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकांवरूनही प्रश्न आले. दुसरी बाब अधिक गंभीर आहे: शेवटच्या दिवशी पडद्यावर पायांच्या जखमांची छायाचित्रे एकामागून एक दाखवली गेली, पण रोज पाय कसे तपासावेत याचे प्रात्यक्षिक वेळेअभावी गाळले. उपाय हाती न देता घातलेली भीती माणसाला तपासणीपासूनच दूर पळवते. इतक्या आठवड्यांत कमावलेला धीर अशाने खचतो.

शुल्क माफक आहे, वाहन लावायला मात्र जागा मिळत नाही. घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने सोबत जावे, कारण शिताचा डाव बहुधा तिच्याच हाती असतो. इन्सुलिन नुकतेच सुरू झालेल्यांनी नाव नोंदवण्यापूर्वी त्याचे स्वतंत्र सत्र आहे का, हे विचारून घ्यावे. आमच्या तुकडीत ते नव्हते.