व्हायटॉनचं हब सील: आठ महिने, बावीस हजार किलोमीटर

गाडी जुनी सहाचाकी, माझ्याकडे आली तेव्हाच तिसरा मालक मी. लासलगावहून कांदा भरून वाशी, येताना मिळेल तो माल. म्हणजे कसारा घाट भरल्या गाडीने उतरायचा. ब्रेकचे ड्रम तापतात, तो ताप हबमधून (चाकाचा मधला भाग) सीलपर्यंत, म्हणजे ॲक्सलचं तेल ब्रेककडे जाऊ न देणाऱ्या कडीपर्यंत जातो, आणि साध्या नायट्राइल रबराची लिप (सीलची तेल अडवणारी कड) कडक होऊन तडकते.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून झाली. आतल्या टायरच्या बाजूला ओघळ दिसला. ग्रीस वितळलं असेल म्हणून सोडून दिलं. मग बोट लावून वास घेतला, तर गंधकासारखा उग्र. गिअर ऑइलच. तोवर ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढायला लागली होती, कारण डावे ब्रेक लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) तेलात बुडालेले. पेट्रोलने धुऊन घासले. नका करू. मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. शेवटी दोन्ही बाजूंचे बदलले.

साधं सील टाकलं, दीड महिना टिकलं. दुसरं टाकलं, तेवढंच. दुकानदाराला मनात शिव्या घालून झाल्या, पण दोष सीलचा नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीने आधी ॲक्सल हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) काढून दाखवला, चिखलाने गच्च. आतलं तेल तापलं की हवा फुगते, वाट नसेल तर सीलमधूनच तेल ढकलते. वर कोणीतरी (मीच) लेव्हलच्या भोकापेक्षा जास्त तेल भरलेलं. आणि सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलेली. अशा जागेवर सोन्याचं सील बसवलं तरी गळणारच.

ब्रीदर साफ केला, खाचेवर पातळ स्टीलची स्लीव्ह (कडं) चढवली, बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) काढला आणि मग व्हायटॉनचं, म्हणजे जास्त ताप सोसणाऱ्या रबराचं सील. आधीच्या मिस्त्रीने हातोडीने ठोकून वाकडं बसवलं होतं. याने बरोबर मापाचा पाइप लावून चौफेर सारखं दाबलं, स्प्रिंगची बाजू तेलाकडे, लिपला आधी तेल.

आठ महिन्यांत ड्रम दोनदा उघडला, आत कोरडा. पावसाळाही निघाला. किंमत साध्याच्या तिप्पट पडली, तरी वारंवार हब उतरवण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. पण खरं सांगायचं तर निम्मं श्रेय स्लीव्हला आणि त्या फुकटच्या ब्रीदरला. सपाट रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला साधं सीलही पुरेल असं मला वाटतं.

घेताना नुसता तपकिरी रंग बघून फसू नका, रंग साध्या रबरालाही देता येतो. सीलवर कोरलेलं माप आणि नंबर जुन्याशी ताडून घ्या.

उजव्या बाजूला अजून साधंच सील आहे. परवा तिकडे हबखाली ओलसर दिसलं. पुढच्या फेरीआधी उघडतोय.