शिवलेला कपडा चढवून बघायची डमी (अंगाच्या मापाचा पुतळा) डायलवाली घ्यावी का घरची टेपवाली?
डायलवाली दिसते भारी, छाती-कंबर-सीट फिरवली की वाढते, म्हणजे माह्यं अन् जावेचं माप एकीवरच निघते, पण वाढवली की फट पडते अन् ती नेमकी हुकपट्टी येते तिथंच, वरून आत कडक प्लास्टिक असलं तर टाचणी सरळ घुसतच नाही. टेपवालीसाठी आपण सोताच जुना टाईट टीशर्ट घालायचा, जावेनं वरून खाकी टेपचे दोन-तीन थर चिकटवायचे, पाठीतून कापून काढायचं अन् आत गादीचा जुना कापूस ठासायचा. माह्या एका खांद्याचा उतार जसाच्या तसा आला! फक्त मे महिन्यात करू नका, मी केली, अर्ध्यातच घेरी आली. गावातल्या बायांचं शिवत असाल तर डायलवाली घ्या, स्वतःच्याच ब्लाउजले टेपवाली बेस.