तीन फुटी समुद्री टँकसाठी डीसी वेव्हमेकर, साडेतीन स्टार

वेव्हमेकर म्हणजे टँकमध्ये लाटेसारखा प्रवाह काढणारा पंप. हा वेग कमी-जास्त करायच्या कंट्रोलरवाला डीसी आहे, डब्यावर ताशी 6000 लिटर लिहिलंय. टँक तीन फुटी, दगड-वाळू सोडून पाणी पावणेदोनशे लिटरच्या आसपास, म्हणजे कागदावर तासाला तीस-पस्तीस वेळा पाणी फिरतं, आणि कोरल ठेवायचे असतील तर 20 ते 40 पट लागतं म्हणतात त्यात बसतं. नुसते मासे पाळायचे असतील तर एवढा जोर नको, उगाच पैसे कशाला.

आवाज अजिबात नाही. हॉलमध्ये टँकच्या शेजारीच आजी झोपते, तिलाही कळत नाही चालू आहे की बंद. पल्स मोड मस्त आहे, पाणी एकदा ढकलतं एकदा सोडतं त्यामुळे दगडांच्या मागे जी करडी घाण बसते ती उठून फिल्टरकडे जाते, नाही तर तीच कुजून शेवाळ वाढवणारं नायट्रेट वाढवते. तोंड जरासं वर ठेवा, वरचं पाणी हललं पाहिजे, तेलकट साय फुटते आणि ऑक्सिजन मिळतो. आपल्या इंदूरच्या मे महिन्यात तर हे हवंच, कारण पाणी तापलं की ऑक्सिजन कमी धरतं आणि खारं पाणी मुळातच गोड्यापेक्षा कमी धरतं.

फुल स्पीडवर मात्र वाळू अशी उडते की कोपऱ्यात खालची काच उघडी पडते, मी अर्ध्यावरच चालवते. पंप काचेला धरून ठेवणारा मॅग्नेट 12 मिमी काचेला चालतो असा दावा आहे, आमच्या 10 मिमीवरच हळूहळू घसरतो.

आणि ज्या दुकानातून घेतला तिथले म्हणे हा लावा, पाणी आपोआप मेंटेन होतं, लगेच क्लाउनफिश टाका! नाही हो भिया. हा फक्त पाणी फिरवतो, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया बॅक्टेरियाच खातात, त्यांना बसायला महिना-दीड महिना लागतो, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा नको. नर्मदेचं नळाचं पाणी थेट मिठात कालवू नका, आरओच्या पुढे डीआय (उरलेसुरले क्षार काढणारा फिल्टर) लावून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य करा, नाही तर शेवाळ काढता काढता दमाल.

अजून एक, पाणी जास्त हललं की वाफ होऊन उडतंही जास्त, वर पंखा लावला असेल तर विचारूच नका. मीठ काही उडत नाही, ते आतच राहतं, म्हणून खारटपणा (विशिष्ट घनतेत मोजलेला) 1.025 वरून चढत जातो. रोजची भर साध्या आरओ-डीआय पाण्याचीच घालायची, खाऱ्या पाण्याची नाही.

लाइट जाऊन आली की आधीच्याच सेटिंगवर सुरू होतो हे चांगलंय. इंपेलरवर कॅल्शियमची पांढरी खपली धरते, अधूनमधून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवला की सुटते. पण स्पेअर इंपेलर इथे कुठेच मिळेना, दीड स्टार मुख्यतः त्याचाच कापलाय.