बाहेरचं सीएनजी किट की कंपनी फिटेड? वॉरंटीच्या बाजूने पाहिलं तर

रोजचं रनिंग जास्त आहे म्हणून सीएनजीच घ्यायचं, एवढं ज्यांचं पक्कं झालंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ॲव्हरेज किती, डिकी किती उरते, हे तुम्ही एव्हाना विचारून झालेलं असेल. अडतं ते पुढे: पेट्रोल गाडी घेऊन बाहेरून किट बसवायचं, की कंपनीतूनच बसून आलेली घ्यायची? मी दोन्ही वापरल्या आहेत. आधीच्या गाडीला बाहेरचं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) किट होतं, आत्ताची कंपनी फिटेड आहे.

बाहेरच्या किटची बाजू लंगडी नाही, हे आधी सांगतो. कंपनीची सीएनजी गाडी त्याच व्हेरिएंटच्या पेट्रोलपेक्षा बऱ्याच मॉडेलमध्ये नव्वद हजारांच्या आसपास महाग पडते. बाहेर चांगलं किट त्याहून बरंच स्वस्तात बसतं. शिवाय व्हेरिएंट आपल्या मनासारखं घेता येतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर कारखान्यातून आलेल्या सीएनजीत आजही मोजकेच पर्याय आहेत. टाटाने टियागो आणि टिगोरला सीएनजी आणि ऑटोमॅटिकची जोड दिली तीच मुळी 2024 मध्ये. कायद्याची अडचणही आता राहिलेली नाही. बीएस-6 (सध्याच्या प्रदूषण नियमांतल्या) पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवण्याची मुभा केंद्राने 2022 मध्ये दिली. तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं किट हवं, ती मंजुरी पुण्याच्या एआरएआयसारख्या, गाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेच्या तपासणीनंतरच मिळते, आणि बसवल्यावर आरसीवर नोंद व्हायला हवी. एवढं केलं की गाडी कायदेशीर.

पण गाडी कायदेशीर असणं आणि वॉरंटीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गल्लत इथेच होते. किटवाला मंजुरीचा कागद दाखवून ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणतो, ते आरटीओपुरतं खरं असतं. गाडीच्या कंपनीने तो कागद दिलेला नसतो.

किट बसवताना समोर उभं राहून बघा, म्हणजे मुद्दा कळेल. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, ड्रिलने भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्येच तोडून किटच्या ईसीयूतून (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमधून) फिरवतात, म्हणजे गॅसवर चालताना मूळ ईसीयूला इंजेक्टर सुरू असल्याचं भासत राहतं. कूलंटच्या पाइपला ‘टी’ आकाराचा जोड लावून गरम पाणी रिड्यूसरकडे, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाकडे, नेतात. म्हणजे इंधन, वायरिंग आणि कूलिंग, तिन्हीकडे हात लागलेला असतो. काम चांगलं असेल तर गाडी वर्षानुवर्षं उत्तम चालते, माझीही चालली. पण उद्या यातल्या कुठल्याही भागात काही झालं, तर ‘हे किटमुळे नाही’ हे सिद्ध करायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

माझ्यापुरता निकाल याच त्रासाने लावला. गाडी वॉरंटीत होती. पावसाळ्यात मिसफायर सुरू झालं, म्हणजे इंजिन मध्येच अडखळायला लागलं, चेक इंजिनचा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. ॲडव्हायझरने बॉनेट उघडलं, रिड्यूसर पाहिला आणि जॉब कार्डवर ‘बाहेरील किट’ एवढं लिहून इग्निशन कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणाऱ्या भागाचा) क्लेम तिथेच थांबवला. किटवाल्याने लॅपटॉप जोडून दाखवलं की गॅसची बाजू ठीक आहे, कॉइल गेलीय, ती कंपनीची. परत सर्व्हिस सेंटर. ‘आधी किट काढून आणा, मग बघू.’ दोघांचंही बोलणं पूर्ण चुकीचं नव्हतं. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग आणि कॉइलवर ताण येतो हे खरं. आणि कॉइल निव्वळ पेट्रोलच्या गाडीतही जाते हेही खरं. शेवटी कॉइल मी माझ्या पैशाने बदलली. रक्कम फार नव्हती, पण गाडी दोन दारांमध्ये फिरत राहिली, ते जास्त लागलं.

इथे काही जण स्पर्धा आयोगाच्या, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या, निकालाचा दाखला देतात, आणि तो माहीत असलाच पाहिजे. ऑगस्ट 2014 मध्ये आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात म्हटलं होतं. कंपन्या अपिलात गेल्या. तत्त्व म्हणून मला तो निकाल योग्य वाटतो आणि काउंटरवर तो मुद्दा जरूर मांडावा: किट आहे म्हणून एसी किंवा स्टीअरिंगचा क्लेम नाकारत असतील तर कारण लेखी मागा. पण इंजिन आणि वायरिंगच्या बाबतीत ‘तेवढ्यापुरतीच’ची रेघ कुठे ओढायची, यावरच सगळा वाद असतो.

कंपनी फिटेडमध्ये हा वादच उद्भवत नाही. सिलेंडरपासून इंजेक्टरपर्यंत सगळं एकाच वॉरंटी पुस्तिकेत. मारुतीने जुलै 2024 पासून वॉरंटी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर केली. सीएनजीवाल्याचं रनिंग पाहता यातले किलोमीटरच आधी संपतात, म्हणून हा आकडा आपल्याला वर्षांपेक्षा महत्त्वाचा. चढावर पिकअप इथेही पडतो. दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) इथेही चुकत नाही. त्यात फरक नाही.

महिन्याचं रनिंग मध्यम असेल, गाडी जुनी आणि वॉरंटीबाहेरची असेल, तर बाहेरचं किट बसवायला मी कुणाला अडवणार नाही. तिथे कंपनी फिटेडचे जास्तीचे पैसे वसूल व्हायचेच नाहीत. नवी गाडी घेत असाल तर मात्र, थोडं वेटिंग सोसावं लागलं किंवा एक व्हेरिएंट खाली उतरावं लागलं तरी, मी कंपनी फिटेडच घेईन.

आणि पेट्रोल गाडी घेऊन झालीच असेल, वॉरंटी संपत आली असेल, तर थोडी कळ काढा. संपण्याआधी एकदा सर्व्हिस सेंटरला पूर्ण स्कॅन करून घ्या, बारीकसारीक तक्रारीही जॉब कार्डवर लिहायला लावा, बदलून मिळण्यासारखं असेल ते बदलून घ्या. किट त्यानंतर. बसवल्यावर आरसीवरच्या नोंदीबरोबर इन्शुरन्स कंपनीलाही लेखी कळवा. पॉलिसीत किट नसेल तर अपघाताच्या क्लेमला हीच वादावादी पुन्हा होईल.